पहिला आलेला खेळ आवडता असतोच असं नाही

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे भलत्याच गोष्टीचं उत्तर दिलं जाणार नाही. तुम्ही सहा जण दर शनिवारी रात्री बोर्ड गेम खेळायला बसता: तुम्ही, तुमचे यजमान, सासूबाई, धाकटे दीर आणि शेजारचं जोडपं. २०२५ मध्ये चौदा नवे खेळ झाले. ३१ डिसेंबरला प्रत्येकाने प्रत्येक खेळाला दहापैकी गुण दिले आणि बेरीज केली. ‘कॅस्केडिया’ ४७ गुण मिळवून पहिला आला. ‘ब्रास: बर्मिंगहॅम’ हा उद्योगधंद्यांचा मोठा खेळ आणि ‘फ्लिप सेव्हन’ हा पत्त्यांचा छोटा खेळ ४४-४४ वर थांबले. निकाल वाचल्यावर मात्र कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. दीर म्हणतात, कॅस्केडिया २०२१ चा, तो २०२५ चा खेळ कसा होईल? तुम्ही विचारताय की निवडायची बरोबर पद्धत कोणती, आणि माझा २०२५ चा खेळ कोणता.

गुणांचा तक्ता सोबत दिलात हे फार बरं केलंत. निम्मं उत्तर त्यातच आहे.

तक्त्यातली ब्रासची ओळ बघा. यजमान १०, दीर १०, शेजारी ९, तुम्ही ६, शेजारीण ४ आणि सासूबाई ५. खाली तुम्हीच लिहिलंय की सासूबाई ब्रास कधी खेळल्याच नाहीत, म्हणून त्यांनी ‘मधले’ पाच दिले. हे पाच गुण कुठल्याही अनुभवातून आलेले नाहीत. त्या भल्या बाई, कुणाला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी मधला आकडा दिला. आता सासूबाईंचे गुण दोन्ही खेळांतून काढून टाका. ब्रासचे उरतात ३९. कॅस्केडियाला त्यांनी आठ दिले होते, म्हणजे त्याचेही उरतात ३९. बरोबरी! आणि उरलेल्या पाच जणांना ‘या दोघांतला कोणता जास्त आवडला’ एवढंच विचारलं, तर तिघं ब्रास म्हणतील आणि दोघी कॅस्केडिया. तक्ता एकच. पण बेरीज केली तर कॅस्केडिया, न खेळलेल्यांना वगळलं तर बरोबरी, आणि समोरासमोर लावलं तर ब्रास. म्हणून तुमची बेरीज चुकली असं मी म्हणणार नाही. बेरजेकडे जे काम सोपवलंत ते तिचं नव्हतं, एवढंच.

कॅस्केडिया सगळीकडे असाच पहिला येतो. अमेरिकेच्या वायव्येकडचा निसर्ग, षटकोनी फरशा, त्यांवर ठेवायच्या अस्वल-हरीण-सामन-ससाणा-कोल्हा यांच्या लाकडी चकत्या. समोर मांडलेल्या चार जोड्यांतली एक उचलायची आणि आपल्यासमोर लावायची. प्रत्येकाला बरोबर वीस पाळ्या. कुणी कुणाचं बिघडवू शकत नाही, कुणी मधेच बाद होत नाही, हरलेल्याच्याही पुढ्यात शेवटी एक देखणं जंगल उभं असतं. लग्नघरात प्रत्येकाशी गोड बोलणारा एक पाहुणा असतो ना, तसा हा खेळ आहे. त्याला शून्य कोण देणार? आणि दहा तरी कोण देणार? सहाही जण आठच्या आसपास देतात आणि बेरजेत तो सगळ्यांच्या पुढे जातो. खेळ वाईट नाहीच. २०२२ चा जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’, म्हणजे ‘वर्षाचा खेळ’ हा पुरस्कार त्याला मिळालेला आहे. पण ‘कुणालाच नावडत नाही’ आणि ‘आवडता’ यांत फरक आहे, आणि टाळी वाजली नाही ती त्या फरकामुळे.

दुसरी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. तुम्ही सहा आहात. कॅस्केडिया चौघांचा खेळ आहे. ब्राससुद्धा चौघांचाच. म्हणजे ज्या दोन खेळांवरून घरात वाद चाललाय, त्यांपैकी कुठलाही मांडला की दोघं जण बाहेर बसतात. बहुतेक वेळा कोण, तेही मी सांगू शकतो: सासूबाई स्वयंपाकघरात आणि तुम्ही त्यांच्या मदतीला. मग गुण देताना एकाने बारा डावांवरून दिले आणि दुसऱ्याने दीड डावावरून, आणि तक्त्यात दोघांचं वजन सारखंच.

दिरांच्या आक्षेपाचं आधी उरकून टाकतो, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. ‘वर्षाचा’ म्हणजे खेळ छापला गेला ते वर्ष, असा कुठेही कायदा नाही. जर्मनीतल्या परीक्षक मंडळाने १९७९ मध्ये पहिला पुरस्कार दिला तो डेव्हिड पार्लेट यांच्या ससा-कासवाच्या खेळाला. तो इंग्लंडमध्ये त्याआधी काही वर्षं निघालेला होता. जर्मन बाजारात तो केव्हा आला हे त्यांनी पाहिलं. २०२४ चा विजेता ‘स्काय टीम’सुद्धा २०२३ मध्ये निघाला. आपल्याकडे तर खेळ उशिराच पोचतात. कुणाचा तरी भाऊ परदेशातून येताना बॅगेत घालून आणतो, किंवा किंमत उतरेपर्यंत आपण दोन वर्षं थांबतो. तुमच्या टेबलावर जो ज्या वर्षी पहिल्यांदा उघडला, त्या वर्षीचा तो. दिरांना सांगा, लहानपणी ‘स्कॉटलंड यार्ड’ खेळला असाल, तो मिस्टर एक्सला शोधायचा, तो १९८३ चा ‘वर्षाचा खेळ’ होता. आपल्याकडच्या घरांत तो नंतर कितीतरी वर्षांनी आला, म्हणून आपली मजा कमी झाली नाही.

आता पद्धतीकडे येतो. नाशिकला आमचा गट आहे. रविवारी दुपारी जमतो, याला बारा वर्षं झाली. नियम समजावून सांगायचं काम सुरुवातीपासून माझ्याकडे आहे. पहिली तीन वर्षं आम्हीही तुमच्यासारखे गुण देत होतो, तेही खेळ संपल्यावर लगेच, पत्ते गोळा करता करता. त्यात दोन गोष्टी लक्षात आल्या. जिंकलेला माणूस हात सैल सोडून गुण देतो आणि हरलेला आखडता घेतो. आणि मोठ्या पेटीला मान मिळतो. जड पेटी, सत्तर-ऐंशी पानांचं नियमपुस्तक, रंगवलेल्या बाहुल्या असं काही समोर असलं की माणसाला सहा गुण द्यायला संकोच वाटतो. एका वर्षी आम्ही असाच एक भलामोठा खेळ आवडता ठरवला. नाव सांगत नाही, दोष खेळाचा नव्हता. एकदाच खेळलो होतो, साडेपाच तास लागले होते, सगळे थकले होते आणि भारावले होते. पुढच्या जानेवारीत तो माळ्यावर गेला तो तिथेच आहे. पुढे दिवाळीच्या साफसफाईत खाली आला तेव्हा आमचाच एक भिडू म्हणाला, “हा कधी खेळलो होतो रे आपण?”

त्यानंतर गुण बंद केले आणि वही सुरू केली. साधी दोनशे पानी. तारीख, खेळ, कोण कोण बसलं, किती वेळ लागला. आणि शेवटी एक रकाना, ‘कोणी मागितला’. म्हणजे त्या रविवारी तो खेळ काढायचं कुणाच्या तोंडून आधी निघालं. ‘हा काढ ना’ असं ज्याने म्हटलं त्याचं आद्याक्षर. मी स्वतः पुढे केला असेल तर तिथे रेघ, कारण मला नवं दाखवायची खाज असते, ती मोजायची नाही. वर्षअखेरीला हा रकाना वाचला की सगळं उघडं पडतं. गुण देताना माणूस खेळाला मान देत असतो. रविवारी दुपारी ‘तो काढ’ म्हणताना त्याला कुणाचीच भीड नसते.

त्या वहीने मला एक मोठा धक्का दिला तो ‘द क्रू’ या खेळाने. थोमास झिंग यांचा जर्मन खेळ. चाळीस पत्ते, पन्नास मोहिमा, २०२० मध्ये त्याला तिथला जाणकारांसाठीचा पुरस्कार मिळाला. अंतराळाची गोष्ट वरवरची. आत खेळ हात करण्याचा. चार रंग, एक ते नऊ पानं, आणि रॉकेटची चार पानं हुकमाची. पेटी इतकी लहान की पहिल्या दिवशी कुणी तिच्याकडे धड पाहिलं नाही. मला वाटलं होतं, तरुण मंडळी घेतील आणि ज्येष्ठ कंटाळतील. झालं उलटं. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेले एक काका आहेत, त्यांचं आयुष्य मेंढीकोटात गेलं. नियम सांगायला लागलो तर म्हणाले, “म्हणजे रॉकेट हुकूम, रंग असेल तर रंगच टाकायचा, नसेल तर कापायचं. पुढे बोल.” तिशीतल्या तिघांना हेच समजावायला मला वीस मिनिटं लागली.

पण काका त्यात अडकले ते वेगळ्याच कारणाने. मेंढीकोटात भिडूला खुणा करायच्या नसतात, आणि सगळे करतात. भुवई उडवायची, खोकायचं, पान जरा जोरात आपटायचं, दहिली कुठे आहे ते डोळ्यांनी सांगायचं. ‘द क्रू’त सगळे एकमेकांचे भिडू, बोलायला मनाई, आणि प्रत्येकाला एका मोहिमेत फक्त एक खूण अधिकृतपणे दिलेली: एक पान उघडं ठेवायचं आणि त्यावर चकती वर, मध्ये किंवा खाली ठेवून सांगायचं की हे माझं या रंगातलं सर्वांत मोठं, एकुलतं एक किंवा सर्वांत छोटं आहे. आयुष्यभर केलेल्या लबाडीला इथे नियमाचा दर्जा मिळालेला पाहून काका हरखून गेले. त्या वर्षी ‘कोणी मागितला’ या रकान्यात त्यांचंच आद्याक्षर सगळ्यांत जास्त वेळा होतं. गुण मागितले असते तर त्यांनी सात दिले असते. “पत्त्यांचाच खेळ आहे शेवटी,” असं म्हणून.

यातून मी जे शिकलो ते तुमच्या कामाचं आहे. खेळ कसा आहे एवढ्यावर आवड ठरत नाही. टेबलाभोवतीच्या हातांना आधी काय खेळायची सवय आहे, यावरही ती ठरते. लाडीस, पाच-तीन-दोन, मेंढीकोट खेळलेल्या घराला हात करण्याचे खेळ लगेच उमगतात. रमीवाल्या घराला संच जुळवण्याचे. ज्या घरात ‘नवा व्यापार’ तीन-तीन दिवस चालायचा, त्या घरातली माणसं ब्रासमधल्या कर्जाला घाबरत नाहीत, उलट आनंदाने घेतात. तुमच्या यजमानांच्या आणि दिरांच्या लहानपणाबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आणखी बऱ्याच आहेत, आणि त्या कुठल्याही परदेशी परीक्षणात सापडणार नाहीत. छताचा पंखा घ्या. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून तीन तास खेळणं ही शिक्षा आहे, आणि चालू ठेवला तर कागदी नोटांच्या खेळात नोटा उडतात (आम्ही नोटांऐवजी पोकर चकत्या घेतल्या, तुम्हीही घ्या). खाली सतरंजीवर मांडता की टेबलावर? सासूबाईंचे गुडघे असतील तर खाली मांडलेला खेळ त्यांच्यापुरता संपलाच. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत पत्ते वाकतात, फरशांना काही होत नाही. आणि भाषा. ज्या खेळात प्रत्येक पानावर तीन ओळी बारीक इंग्रजी असतं, तो खेळ घरातल्या एकाला दुसऱ्याच्या कानात वाचून दाखवावा लागतो. ज्याला वाचून दाखवायचं त्याचं गुपित उरत नाही आणि हळूहळू तो कच्चा लिंबू होऊन बसतो. मोठ्या माणसांना कच्चा लिंबू होणं मुलांपेक्षा जास्त लागतं. ते फक्त बोलत नाहीत, चहा टाकायला उठतात.

तुमच्या घरातल्या वादाला मोठं कुळ आहे, हेही सांगायला हवं. २००२ मध्ये जर्मन पुरस्कारासाठी ‘प्वेर्तो रिको’ नामांकनात होता. बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर जगभरच्या खेळाडूंनी तो पुढे कितीतरी वर्षं पहिल्या क्रमांकावर ठेवला. पुरस्कार मात्र गेला ‘व्हिला पालेत्ती’ला, लाकडी खांब खालून काढून वर मजले चढवायच्या खेळाला. कट्टर खेळाडू चिडले. पण मंडळाचा हेतू साधा होता: वर्षाला एखादाच खेळ विकत घेणाऱ्या कुटुंबाला काय द्यावं? त्या घराला ‘प्वेर्तो रिको’ जड गेला असता. २००८ मध्ये ‘अग्रिकोला’ आला तेव्हा पुन्हा तोच पेच, आणि त्याला गुंतागुंतीच्या खेळासाठी म्हणून वेगळा खास पुरस्कार दिला गेला. शेवटी २०११ पासून त्यांनी जाणकारांसाठी स्वतंत्र पुरस्कारच सुरू केला. लहान मुलांसाठीचा त्याआधीपासून होता. पुरस्काराचं चिन्ह म्हणून लाल सोंगटी सगळ्यांच्या खेळाला, काळपट जाणकारांच्या, निळी मुलांच्या. इतक्या वर्षांचा अनुभव असलेल्या परीक्षकांनाही एका नावात दोन प्रकारची माणसं बसवता आली नाहीत. तुम्ही सहा जणांनी एका संध्याकाळी ते जमवावं ही अपेक्षाच जास्त आहे.

बोर्डगेमगीकचं उदाहरण आणखी एका कारणासाठी घेतो. तिथे नुसती सरासरी चालत नाही. थोड्याच लोकांनी गुण दिलेले असतील तर क्रमवारीच्या हिशेबात त्या खेळाला मधल्या पातळीची बरीच काल्पनिक मतं जोडतात, म्हणजे पंधरा चाहत्यांनी दहा-दहा दिले म्हणून खेळ एकदम शिखरावर जात नाही. जसजशी खरी मतं वाढतात तसतसा त्या काल्पनिक मतांचा प्रभाव उरत नाही. गंमत म्हणजे सासूबाईंनी ब्रासला ‘मधले पाच’ दिले तेव्हा त्यांनी नकळत हेच केलं. पण लाखो मतांच्या क्रमवारीत जे शहाणपणाचं आहे ते सहा जणांत करायची गरज नाही. सहा जणांत साधा नियम पुरतो: निदान तीन डाव खेळल्याशिवाय त्या खेळावर मत नाही. एका डावात माणूस नियमांशी झगडत असतो, दुसऱ्यात आधीच्या चुका सुधारतो, खेळतो तो तिसऱ्यात.

इथपर्यंतचं एकदा गोळा करतो. बेरजेने तुम्हाला सर्वांत निरुपद्रवी खेळ दिला. त्यात न खेळलेल्याचं मत मिसळलं होतं. वादातले दोन्ही खेळ तुमच्यापैकी दोघांना बाहेर बसवतात. आणि २०२१ चा खेळ २०२५ मध्ये निवडायला काहीच हरकत नाही.

पुढच्या वर्षी काय करा ते सांगतो, आमच्याकडे हे चाललंय. वही ठेवाच. डिसेंबरच्या शेवटी प्रत्येकाला सहा चिंचोके द्या. तीन डाव खेळलेल्या खेळांवरच ते ठेवायचे, एका खेळावर जास्तीत जास्त तीन. म्हणजे ज्याला ब्रास जिवापाड आवडतो त्याला ते दाखवता येतं, पण त्याच्या एकट्याच्या जोरावर निकाल लागत नाही. न आवडलेल्या खेळाला कमी गुण देऊन खाली ओढायची सोयच नाही, त्यामुळे अर्धी भांडणं तिथेच मिटतात. चिंचोके आधी प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवर लिहायचे आणि सगळ्यांनी एकदम उघडायचे. नाहीतर पहिल्याने काय ठेवलं ते बघून दुसरा ठेवतो, आणि दीर ठेवतील तिथेच शेजारी ठेवतील. मग पहिले दोन खेळ जानेवारीच्या पहिल्या शनिवारी पुन्हा मांडा. खेळून झाल्यावर बहुधा कुणाला मत विचारावं लागत नाही.

आणि दोन नावं ठेवायला लाजू नका. आम्ही एकाला ‘घराचा खेळ’ म्हणतो, त्यात त्या दिवशी हजर असलेला प्रत्येक माणूस बसू शकला पाहिजे. दुसरा ‘मुरलेल्यांचा’. तुमच्याकडे ब्रास निर्विवाद दुसऱ्या जागेवर बसतो. तिघं जण नऊ-दहा देतात म्हणजे त्यांचं प्रेम खरं आहे. आधी कालवे, मग रेल्वे, कोळसा कुठून आणायचा, लोखंड कुणाचं वापरायचं, आणि माल विकायला बिअर लागते हा त्यातला माझा सर्वांत आवडता नियम. खेळ जबरदस्तच आहे. फक्त तो चौघांचा आहे हे मान्य करून त्याला त्याची वेगळी रात्र द्या, शनिवार नको.

आता माझा २०२५ चा. ‘बॉम्ब बस्टर्स’, हिसाशी हायाशी यांचा. जर्मन मंडळानेही २०२५ मध्ये तोच निवडला. या बाबतीत त्यांचं आमचं क्वचित जमतं. प्रत्येकासमोर एक फळी, तिच्यावर तारांच्या चकत्या चढत्या क्रमाने लावलेल्या, आकडे फक्त आपल्याला दिसणारे. एक ते बारा, प्रत्येक आकड्याच्या चार तारा. माझ्याकडे सात आहे, तर तुमच्या फळीवरच्या एका चकतीकडे बोट दाखवून मी म्हणायचं, ही सात. बरोबर निघाली तर दोन्ही कापल्या, चुकली तर स्फोट एक पाऊल जवळ. आणि मधे कुठेतरी लाल तार दडलेली, ती कापली की खेळ खलास. सगळे एका बाजूला, त्यामुळे चिडक्या बिब्ब्यांनाही जागा. मोहिमा ६६. पहिल्या काही सोप्या, पुढे दर वेळी एखादा नियम बदलतो. आमच्या रमीवाल्या काकू फळी समोर आल्या आल्या तीन सेकंदांत ओळखतात की तुमच्याकडे नऊच्या वर काय असणार. वहीत मे महिन्यापासून त्यांचं आद्याक्षर सुटलेलंच नाही.

तरीही मी तो तुम्हाला सुचवणार नाही, कारण तो पाच जणांचा आहे आणि तुम्ही सहा. सहा जणांसाठी नवं काही हवं असेल तर ‘जस्ट वन’ घ्या, त्याच जर्मन पुरस्काराचा २०१९ चा विजेता, सात जणांपर्यंत चालतो. त्यातली इंग्रजी शब्दांची पानं बाजूला ठेवा आणि शब्द मराठीत स्वतः चिठ्ठ्यांवर लिहा. एकाने डोळे मिटायचे, बाकीच्यांनी शब्द बघून प्रत्येकी एक सूचक शब्द लिहायचा, पण दोघांचा सारखा आला तर दोन्ही पुसायचे. आमच्याकडे ‘पुरणपोळी’ हा शब्द आला होता. पाच जणांपैकी चौघांनी ‘होळी’ लिहिलं. चारही पुसले. उरला पाचव्याचा एकच शब्द, ‘कटाची आमटी’. तेही खरं तर दोन शब्द झाले, त्यावर दहा मिनिटं वाद झाला. ओळखणाऱ्या वहिनींनी मात्र क्षणात ओळखलं.

शेवटी तुमचा २०२५ चा खेळ. मला वाटतं तो निवडून झालेला आहे, फक्त तक्त्यात दिसला नाही. तुम्ही ओघात लिहिलंय की पानं वाढली जाईपर्यंत ‘फ्लिप सेव्हन’चे दोन-तीन डाव दर शनिवारी होतातच. दर शनिवारी! चौदा नव्या खेळांपैकी दुसऱ्या कुठल्या खेळाबद्दल तुम्ही असं वाक्य लिहिलेलं नाही. तो सहाही जण एकदम खेळू शकता. त्यात मागितला कुणी हा प्रश्नच उरत नाही, कारण सासूबाई पत्ते घेऊन आधीच पिसत बसलेल्या असतात. तरी यजमान आणि शेजारी त्याला सहा देतात, कारण एवढ्याशा पत्त्यांच्या डबीला दहा द्यायचं म्हणजे आपण जाणकार नाही असं वाटतं. आमच्या काकांनी ‘द क्रू’ला सात दिले असते तेच हे. तुमच्या यजमानांना आणि शेजाऱ्यांना एकच विचारा: २०२५ मध्ये ब्रासचे डाव किती झाले आणि फ्लिप सेव्हनचे किती?

एक गोष्ट मात्र सासूबाईंना सांगून बघा. त्या खेळात बाराची बारा पानं असतात, अकराची अकरा, असं खालपर्यंत. आणि समोर उघडलेलाच आकडा पुन्हा आला की डाव गेला. म्हणजे मोठं पान जितकं मोलाचं तितकंच घातक. समोर बारा, अकरा आणि दहा उघडी असताना त्या “अजून एक” म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. चौऱ्याण्णव पानांतली ती तीन वजा केली तर उरतात एक्याण्णव, आणि त्यांत डाव घालवणारी पानं आहेत तीस. दुसऱ्यांसमोर काय उघडलंय ते धरलं नाही तर तीनांतून एकदा त्या बुडणार. यजमान हा हिशेब करून थांबतात आणि बत्तीस-तेहतीस गुणांवर समाधान मानतात. सासूबाईंना सांगून उपयोग होईल असं मला वाटत नाही, पण सांगून बघा.